आमच्या बोर्डात कठडा न्हाई

कोर्टातल्या वकिलांचं बरं असतं. दुपारी केस संपली की संध्याकाळी चहाच्या टपरीवर किस्सा तयार! आमचं तसं नाही. मी बाल न्याय मंडळात, म्हणजे अठराच्या आतल्या लेकरांच्या केसी जिथं चालतात त्या बोर्डात, मोफत कायदा मदतीची वकील आहे. तिथल्या लेकराचं नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, शाळा सांगायची नाही. कायदाच तसा आहे. घरी गेल्यावर नवरा विचारतो, "आज काय झालं?" मी म्हणते, "एक होता, त्यानं एक केलं म्हणतेत." तो म्हणतो, "ही काय गोष्ट झाली?"

मग किस्से साठत जातात. आळंदच्या बाजारात गिऱ्हाईक नसलेल्या तुरीची थप्पी लागावी तसे! आता तुम्ही बसलाच आहात, तर चार पोती उतरवते. नावं-गावं बदललेली आहेत. बाकी सगळं झालं तसंच.

आधी माणसं सांगते. आमच्या बोर्डाच्या मॅजिस्ट्रेट मॅडम म्हैसूरकडच्या. मराठी येत नाही, कन्नड मात्र मधासारखं. मी इथं त्यांचं बोलणं मराठीत सांगते एवढंच. दुसरे शिवलिंगप्पा मास्तर, रिटायर हेडमास्तर, बोर्डाचे मेंबर; लोकांचं मराठी मॅडमना तेच कन्नडात सांगतात. कपाळाला विभूती, घरी कन्नड, बाजारात मराठी, राग आला की दख्खनी! तिसरे मेंबर एक डॉक्टरबाई, त्या फार कमी बोलतात. आणि मी. कर्नाटकाच्या सीमेवरच्या बसवकल्याणची. सगळे मला ‘वकील अक्का’ म्हणतात, पोलीससुद्धा. पोलीस जरा दात खाऊन म्हणतात!

*

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. आमच्या शिपायाला वाटायचं, आपल्या बोर्डाला कोर्टाची शान नाही. एक साधी खोली, एक टेबल, भोवती खुर्च्या. एक दिवस त्यानं कुठल्या तरी अडगळीतून एक जुना लाकडी कठडा आणला, पुसला, तेलपाणी केलं आणि टेबलासमोर उभा केला.

मास्तर आत आले, बघितलं. "हे काय रे?"

"आरोपीला उभारायला, सर."

"आमचं लेकरू काय दावणीचं वासरू हाय? उचल!"

"मग आरोपीनं उभारायचं कुठं?"

"एक, आरोपी म्हणायचं न्हाई. दोन, उभारायचं न्हाई. खुर्ची आण!"

खुर्ची आली. त्या दिवशी पहिला नंबर एका दहा-अकरा वर्षांच्या पोराचा होता. शेजाऱ्याची सायकल नेली म्हणून आणलेला. सोबतचा पोलीस साध्या कपड्यात, कारण बोर्डात खाकी चालत नाही. मॅडम साध्या साडीत. पोरगं खुर्चीत बसलं, पाय जमिनीला टेकत नव्हते. त्यानं सगळ्यांकडं बघितलं. काळा कोट नाही, उंच खुर्ची नाही, हातोडा नाही. शेजारीच मॅडम बसल्या होत्या. त्यानं त्यांच्याकडं वाकून हळूच विचारलं,

"मावशी, तुमचं पोरगं बी धरून आणलंय का?"

मास्तरांनी घसा साफ करून मॅडमना कन्नडात सांगितलं, हा असं असं विचारतोय.

मॅडमनी त्या पोराकडं गंभीरपणे बघितलं आणि म्हणाल्या, "इन्नू इल्ल."

म्हणजे, अजून तरी नाही!

*

मन्नाएखेळ्ळीच्या बाजूला हायवेवर एका ढाब्यात मारामारी झाली. पाचजण धरले, त्यात एक आमचा. उंच, दांडगा, ओठावर चांगली काळी मिशी. ठाण्याचे साहेब स्वतः आले. त्यांचं म्हणणं, हा अठराच्या वरचा आहे, मोठ्यांच्या कोर्टात पाठवा.

मी शाळेचा दाखला पुढं केला. त्यावरून हिशोब केला तर पोरगा सोळा पूर्ण, सतरावं चालू.

साहेब म्हणाले, "मॅडम, दाखल्याचं सोडा. मिशी बघा की!"

मी म्हणाले, "साहेब, मिशी कुठल्या कलमात बसती तेवढं सांगा."

"हाडांची तपासणी करा मग. एक्स-रे काढा!"

आता यात कायदा सरळ आहे. आधी शाळेचा दाखला बघायचा. तो नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसले, तरच हाडं! माणसाचं वय आधी कागदात शोधायचं, मग मांसात. मी हे सांगितलं तर साहेब हसले. त्यांनी दाखला उचलून मॅडमपुढं धरला.

"मॅडम, जन्मतारीख बघा. एक जून! ह्या शाळेचं रजिस्टर बघून आलोय मी. अर्धा गाव एक जूनचा हाय. आई येती, मास्तर विचारतेत कधी जन्मला, ती म्हणती पावसाच्या आधी, की लिहा एक जून! हे काय खरं असतं होय?"

बोलणं खोटं नव्हतं. आमच्या भागात एक जूनला जेवढी माणसं जन्मली, तेवढी बाकीच्या वर्षात मिळून जन्मली नसतील. मास्तर खाली मान घालून बसले. हेडमास्तर होते ना! किती एक जून स्वतःच्या हातानं लिहिले असतील, देवाला ठाऊक.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमच्या सर्व्हिस बुकात जन्मतारीख काय आहे?"

साहेबांचं हसू गेलं.

"मॅडम, ते... आमच्या गावात पण..."

"तारीख सांगा."

"एक जून, मॅडम."

"मग तुम्हाला रिटायर करताना सरकार एक्स-रे काढणार आहे का?"

पोरगा आमच्याकडंच राहिला!

*

कायदा सांगतो, लेकराला धरलं की चोवीस तासांच्या आत बोर्डापुढं आणायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, एक तासही नाही. पण कागद कोणाच्या हातात असतो? लिहिणाऱ्याच्या! धरला परवा, लिहिला आज, संपला विषय.

एका ठाण्यातून असाच एक चौदा वर्षांचा पोरगा आला. कागदावर, आज सकाळी नऊला ताब्यात घेतला. पोराच्या डोळ्याखाली काळं झालं होतं, चालताना पाय ओढत होता. मागून त्याची आई आली, कस्तुरबाई म्हणू तिला. भाजी विकणारी. लिहायला-वाचायला येत नाही. ती खुर्चीवर बसली नाही, टेबलाला हात लावून उभी राहिली.

"सायेब खोटं बोलायलेत," ती म्हणाली. "माझ्या पोराला परवा दुपारी नेलंय. तवापास्नं मी ठाण्याच्या पायरीवर हाय."

ठाण्याचे अधिकारी म्हणाले, "बाईला टाईम काय कळतंय, मॅडम? तिच्याकडं घड्याळ तरी हाय का?"

"घड्याळ न्हाई," कस्तुरबाई म्हणाली. "पर आमच्या घराला मशिदीची भिंत लागून हाय. लहानपणापास्नं अजान ऐकूनच उठते, अजान ऐकूनच चूल पेटवते. पाच अजानला एक दिस. ठाण्याच्या पायरीवर बसून मी दहा मोजल्या."

तिनं बोटं उघडून दाखवली. एका हाताची पाच, दुसऱ्याचीही पाच.

"पहिली दुपारची, पोराला आत नेलं तवाची. धाहावी आज सकाळची, फाटेची. सायेबांनी त्यातली एकबी ऐकली न्हाई का?"

मॅडमनी ठाण्याच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागितलं. अधिकारी म्हणाले, "कॅमेरा बंद होता, मॅडम. रिपेरीला टाकायचाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"कॅमेरा बंद होता," त्या म्हणाल्या, "पण बाईचे कान चालू होते. लिहून घ्या."

पोराची मेडिकल तपासणी त्याच दिवशी झाली. अधिकाऱ्यांवर वर रिपोर्ट गेला, आणि पोरगं आईसोबत घरी गेलं. जाताना कस्तुरबाई मला म्हणाली, "अक्का, मला बी लिहायला शिकवा. म्हंजी पुढल्या बारीला मोजत बसावं लागणार न्हाई."

मी म्हणाले, "पुढची बारी येऊ देणार न्हाई."

ती म्हणाली, "तरीबी शिकवा!"

*

ऊसतोडीच्या दिवसात उदगीरकडची कुटुंबं आमच्याकडं येतात. त्यातला एक पंधरा वर्षांचा पोरगा मोटर चोरली म्हणून आला. विहिरीवरची पाण्याची मोटर. सोबत चार पानांचा कबुलीजबाब. सगळा कन्नडात, खाली मराठीत डुगडुगती सही.

मी सांगितलं, पोलिसापुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. वर याला कन्नड येत नाही. लेकराला समजेल अशा भाषेतच सगळं व्हायला पाहिजे.

तपास अंमलदार म्हणाला, "येतंय की कन्नड! चांगलं बोलला. मी लिहून घेतलं."

मास्तरांनी कागद वाचायला घेतला. वाचता वाचता चष्मा नाकावर खाली आला. मग पोराकडं वळून त्यांनी अगदी साधं विचारलं, जे आमच्याकडं दोन दिवस राहिलेल्या पाहुण्यालाही कळतं. "ऊट आयता?" म्हणजे जेवलास का?

पोरगं म्हणालं, "पंधरा."

मास्तरांनी मान हलवली. मराठीत विचारलं, "बाळा, ह्या कागदात काय लिवलंय?"

"घरी जायचं लिवलंय."

"कोण म्हणलं?"

"सायेब म्हणले, सही केली की घरी सोडतो."

मास्तर उठले. चाळीस वर्षं पेपर तपासलेला माणूस! चारी पानं अंमलदारापुढं ठेवली.

"अहो, ह्यात जोडाक्षर चुकलं न्हाई, विभक्ती चुकली न्हाई. असलं कन्नड मला बी लिवता येत न्हाई. अन् हे पोरानं उसाच्या फडातून येऊन तोंडानं सांगितलं? मग याला बोर्डात कामून आणलात? युनिव्हर्सिटीत न्या की! डॉक्टरेट देतील!"

*

हा छोटासाच आहे. एका पोराची बातमी मोबाईलवर फिरली. बातमी टाकणारा एक स्थानिक पत्रकार. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी, आणि खाली गाव, गल्ली, बापाच्या दुकानाचं नाव, मागं शाळेची पाटी! पोरानं घराबाहेर पडायचं सोडलं. मॅडमनी पत्रकाराला नोटीस काढून बोलावलं. लेकराची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

तो आला तोच ताठ. "ओळख कुठं उघड केली मॅडम? पट्टी लावलीय की डोळ्यावर!"

मी उठले, हातातली फाईल डोळ्यांपुढं आडवी धरली आणि त्याच्यासमोर उभी राहिले.

"सांगा बघू, मी कोण?"

"आता हे काय, वकील अक्का!"

बोलून गेला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं. तिथंच बसून त्यानं बातमी काढून टाकली. दंडाचं पुढं झालं ते झालंच!

*

आता शेवटचा. हा सांगताना मला जरा खाली मान घालावी लागते, तरी सांगते.

आळंद तालुक्यातली सोळा वर्षांची पोरगी. रेणू म्हणू. बसवकल्याणमध्ये एका व्यापाऱ्याच्या घरी धुण्याभांड्याला होती. त्या घरातली सोन्याची बोरमाळ गेली. घरात बाहेरचं माणूस एकच, त्यामुळं चौकशी झाली नाही, थेट बोट हिच्याकडं. तिचा डबा उघडून बघितला, कपडे झाडून बघितले, काही मिळालं नाही. तरी धरली.

पहिल्याच दिवशी तिचा जामीन झाला, आईच्या ताब्यात. मी तिला व्हरांड्यात बाजूला घेतलं. त्या महिन्यात माझ्याकडं केसींचा ढीग होता. मी तिला तेच सांगितलं जे त्या व्हरांड्यात वकील रोज सांगतात.

"हे बघ रेणू, केस चालवायची म्हणलं तर चार-चार महिने हेलपाटे. आळंदहून यायचं, आईची मजुरी बुडायची. ‘चुकलं’ म्हण. मॅडम समज देतील, घरी पाठवतील. अठराच्या आतलं रेकॉर्ड पुढं ठेवत बी न्हाईत. नोकरीला अडत न्हाई, लग्नाला अडत न्हाई. एका शब्दाचं काम हाय."

तिची आईही म्हणाली, "म्हण की बाई. सुटून जाऊ दे."

रेणूनं माझ्याकडं बघितलं. रडत नव्हती.

"मी घेतलीच न्हाई."

"मला ठाऊक हाय गं. पण..."

"अक्का, तुम्ही माझ्या वकील हाव का त्यांच्या?"

मी वीस वर्षं वकिली केली आहे. कोणत्याच जजनं मला असं गप्प केलं नाही! लेकराला निर्दोष धरूनच सुरुवात करायची, हे कायद्याच्या पहिल्या पानांवर लिहिलेलं आहे. मी ते दुसऱ्यांना तोंडपाठ ऐकवते. आणि त्या दिवशी मीच तिला दोषी धरून हिशोब मांडत होते, सोयीसाठी.

केस चालली. रेणू दर तारखेला आली. पहाटेची बस, कधी उभ्यानं. ती येऊन बसलेली असायची, तक्रारदार यायचे नाहीत. एकदा व्यापारी आजारी, एकदा घरात पूजा. तिसऱ्या वेळी मॅडमनी ठणकावलं, तेव्हा नवरा-बायको दोघं आले. व्यापाऱ्याच्या बायकोचा जबाब झाला. बोरमाळ कपाटात होती, कपाटाच्या खोलीत पोरगी झाडायला जायची, माळ गेली. मी उलटतपासणी घेतली, चावी कोणाकडं असते, वगैरे. फार काही हाती लागलं नाही. मी खाली बसले.

तेवढ्यात रेणू म्हणाली, "मला एक विचारायचंय."

व्यापारी म्हणाला, "हिला कुठं विचारायचा अधिकार आलाय?"

मॅडम म्हणाल्या, "तिलाच आहे. ही खोली तिच्यासाठीच आहे. विचार बाळ."

रेणू त्या बाईंकडं वळली. आवाज जराही चढवला नाही.

"काकू, उमरग्याला बहिणीकडल्या लग्नाला गेलात, तवा गळ्यात काय होतं?"

बाई म्हणाल्या, "बोरमाळ."

"मीच पाठीमागून दोरा बांधून दिल्ता. माघारी आलात, तवा दोरा कुणी सोडला?"

बाईंचा हात आपोआप गळ्याकडं गेला. नवऱ्यानं त्यांच्याकडं बघितलं. मग मॅडमना विचारून तो फोन घेऊन बाहेर गेला. पाच मिनिटांनी आत आला तेव्हा चेहऱ्याचा रंग उतरला होता. मेहुणीच्या घरी, शालूच्या घडीत एक माळ सापडली होती म्हणे. कोणा पाहुणीची असेल म्हणून तिनं उचलून ठेवली होती!

मॅडमनी आठ दिवसांची तारीख दिली. माळ घेऊन या म्हणाल्या.

त्या तारखेला नवरा-बायको वेळेच्या आधी हजर. माळ रुमालात गुंडाळून आणलेली. टेबलावर ठेवली, मॅडमनी तक्रारीतल्या वर्णनाशी ताडून बघितली, तीच होती. डॉक्टरबाईंनी रेणूच्या खांद्यावर हात ठेवला. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. रेणूची आई तोंडाला पदर लावून बसली होती.

मॅडमनी आदेश सांगितला. मुलीवर काहीही सिद्ध झालेलं नाही, चौकशी इथं संपली, मुलगी निर्दोष.

मग व्यापाऱ्याच्या बायकोनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. तो उठला, शर्ट नीट केला, बाजारात सौदा मिटवताना हसतात तसं हसला आणि हात जोडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"मॅडम, झालं ते झालं. लेकरू हाय. आमच्या मनात काही न्हाई. आम्ही पोरीला माफ केलं."

रेणू खुर्चीवरून उठली. टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर, हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली.

"मी न्हाई केलं," ती म्हणाली, आणि आईचा हात धरून बस गाठायला निघून गेली.